नकार नेमका कशाला?

सलग डेमो (गाण्यांची नमुना रेकॉर्डिंग्ज) परत आले, आता चाली बांधणंच सोडावं असं वाटतंय, असं तुम्ही लिहिलंत म्हणून चार ओळी.

अशा वेळी कुणीतरी बीटल्स या इंग्लिश बँडचं उदाहरण तोंडावर फेकतंच: जानेवारी १९६२, डेका या रेकॉर्ड कंपनीत ऑडिशन आणि नकार. मला त्यातला कमी सांगितला जाणारा भाग जास्त कामाचा वाटतो. त्या दिवशी त्यांनी १५ गाणी वाजवली, त्यांतली स्वतःची फक्त ३. ती तिन्ही पुढे १९६३-६४ मध्ये दुसऱ्याच कलाकारांनी रेकॉर्ड केली. एका टेबलावरून परत आलेल्या चाली काही मेल्या नव्हत्या.

तुमचा नकार कशाला आहे ते बघा. बऱ्याचदा ऐकणारा मुखड्यापर्यंत पोचतच नाही. सुरुवातीला लांबलचक म्युझिक पीस, वर गायकाचा आवाज तालवाद्यांखाली दबलेला. मुखडा लवकर आणा, आवाज पुढे ठेवा. शब्द मीटरमध्ये, म्हणजे चालीच्या मापात, अडखळत असतील तर चाल नुसती 'ला-ला'वर गाऊन एखाद्या गीतकाराला द्या. आणि कधी ऐकणाऱ्यांना हवं असतं नाचाचं गाणं, तुम्ही पाठवलेली असते अंगाई. त्यात तुमचं काय चुकलं?

'अजून थोडं कॅची हवं' असल्या शेऱ्यावर झोप घालवू नका (लिहिणाऱ्यालाही त्याचा अर्थ सांगता येणार नाही). पण 'अंतऱ्यातून मुखड्यावर येताना गाणं तुटतं' असं कोणी कळवलं असेल, तर वाद घालण्याआधी अंतऱ्याची शेवटची ओळ गुणगुणून बघा. पुढची चाल आधी असं नेमकं कळवणाऱ्यालाच पाठवा.