परदेशातल्या सहीला वकिलातीचाच शिक्का कशाला हवा?

सदाशिवपेठी: कोथरूडचा फ्लॅट विकायचाय, निम्मा हिस्सा भावाचा आणि तो न्यू जर्सीत. मुखत्यारपत्र माझ्या नावाने करायचंय तर वकील अडून बसलेत, भारतीय वकिलातीचाच शिक्का आणा. अहो नोंदणी कायदा 1908, कलम 33 उघडा की! परदेशात राहणाऱ्याने नोटरी, कोर्ट नाहीतर भारतीय कॉन्सुल (वकिलातीतला अधिकारी), कुणाहीसमोर सही केली तरी चालते. 2005 पासून आपण अपोस्टिलवाल्या देशांत आहोत, म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा असं तिथल्या सरकारने दिलेलं प्रमाणपत्र इथे चालतं. तिथल्या नोटरीची सही, वर तिथल्याच राज्य सरकारचं अपोस्टिल, कुरिअर, झालं काम. बाकी सगळी जुनी खोड.

टोरांटोची मावशी: खोड नाही रे बाबा, आमच्या कॅनडात अपोस्टिल आलंच जानेवारी 2024 मध्ये, तोवर वकिलातीच्या चकरा मारल्याच की आम्ही. वकील लोक तेच धरून बसलेत. तुझं बरोबर आहे.

निवृत्त हेडक्लार्क: मी विरोधात. कलम वाचून खरेदीदार पैसे देत नाही, त्याच्या कर्जाची बँक काय म्हणते ते बघा. आणि अपोस्टिल म्हणजे फक्त नोटरीची सही-शिक्का खरा, आत काय लिहिलंय त्याची हमी नाही. जुगराज सिंग विरुद्ध जसवंत सिंग, सुप्रीम कोर्ट, 1970. कॅलिफोर्नियातलं मुखत्यारपत्र होतं. पहिलं लंगडं पडलं, कारण सही करणारा तोच माणूस आहे याची खात्री केली असं नोटरीने लिहिलंच नव्हतं. मग दुसरं करावं लागलं.

सदाशिवपेठी: काका, पण ते दुसरंही तिथल्या नोटरीचंच होतं ना, आणि कोर्टाने ते मानलं! म्हणजे केस माझ्याच बाजूची झाली 😀

आयटीवाला: एवढं कशाला, अमेरिकेत व्हिडिओ कॉलवर नोटरी होते हल्ली, भाऊ घरबसल्या करेल.

निवृत्त हेडक्लार्क: कायदा म्हणतो नोटरी'समोर'. स्क्रीनवरचं समोर म्हणजे समोर का, हा वाद रजिस्ट्रारच्या टेबलावर घालायची हौस असेल तर करा. आणि एक कुणीच बोललं नाही, कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरायचं असतं. लोक कपाटात ठेवून देतात आणि मग दंड.

सदाशिवपेठी: हे माहीत नव्हतं, धन्यवाद. व्हिडिओबिडिओ नको, भावाला प्रत्यक्षच पाठवतो, पासपोर्ट बघून ओळख पटवली हे वाक्य नोटरीकडून लिहूनच घ्यायला सांगतो. वकिलातीत मात्र नाही पाठवणार.

निवृत्त हेडक्लार्क: नका पाठवू. पण सहीआधी मसुदा खरेदीदाराच्या बँकेला दाखवा, नाहीतर याल परत इथेच.