शब्दचर्चा : संक्रमण, पातळी, निषिद्ध… आणि मोरचुदाचा निळा

प्रश्न : बारावीच्या मुलांसाठी धातूंच्या जटिल संयुगांच्या (मधे धातूचा आयन, भोवती त्याला बिलगलेले रेणू किंवा आयन) रंगांवर मराठीत टिपण लिहितेय. ‘ट्रांझिशन’ला संक्रमण लिहिलं, तर मुलगा म्हणतो, ‘आई, कोरोना झालाय का इलेक्ट्रॉनला?’ शिवाय धातूही संक्रमण धातू. काय करू? ‘कॉम्प्लेक्स’ला संकुल लिहून पाहिलं, तर क्रीडासंकुलच डोळ्यांपुढे येतं.

प्रतिसाद : संकुल सोडा, जटिल संयुगच ठेवा. संक्रमण मात्र सोडू नका. रोगाच्या अर्थाने तो शब्द आपल्याकडे कालपरवा रुळला. आपलं जुनं संक्रमण म्हणजे संक्रांत : सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो ते. इलेक्ट्रॉनचंही तेच, एका ऊर्जेवरून दुसरीवर. धातूंसाठी शाळेच्या पुस्तकातला ‘संक्रामक’ वापरा, म्हणजे दोन अर्थ एकमेकांच्या पायात येणार नाहीत.

प्रश्नकर्ती : पटलं. आणि ऊर्जेची ‘पातळी’?

प्रतिसाद : इथे माझं भांडण आहे. धरणाची पातळी इंच इंच चढते, अध्येमध्ये कुठेही थांबते. इलेक्ट्रॉनला मधे उभं राहायला जागाच नाही. मला ‘पायरी’ आवडते. पण छापील पुस्तकांत पातळीच आहे, तेव्हा पातळी लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे कंसात पायरी म्हणा.

मोरचूद (कॉपर सल्फेट) घेऊन समजवा. द्राक्षबागेत एक टक्क्याच्या बोर्डो मिश्रणासाठी (बुरशीवरची फवारणी) 100 लिटर पाण्याला 1 किलो पडतं, तेच. तव्यावर चिमूटभर तापवलं की पाणी उडून पांढरं पडतं, थेंबभर पाणी घातलं की परत निळं. म्हणजे निळेपण एकट्या तांब्याचं नव्हे, त्याला बिलगलेल्या पाण्याचंही. सुट्या तांब्याच्या आयनात पाचही डी कक्षकांची (कक्षक म्हणजे ऑर्बिटल, इलेक्ट्रॉनची जागा; कक्षा नव्हे, ती ग्रहांची!) ऊर्जा सारखी असते. लिगँड (धातूला बिलगणारे रेणू किंवा आयन, इथे पाणी) जवळ आले की पायऱ्या वर-खाली होतात. पाण्यातल्या तांब्याच्या पायऱ्यांमधलं अंतर असं, की 800 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, लालच्या पलीकडचा प्रकाश शोषला जातो. त्या पट्ट्याचं टोक लाल रंगात शिरतं. लाल गेला, निळा उरला. अमोनिया घातला की अंतर वाढतं, म्हणून शोषण जास्त ऊर्जेकडे, म्हणजे कमी तरंगलांबीकडे, 600 नॅनोमीटरजवळ सरकतं आणि गर्द जांभळट निळा दिसतो. हा मुद्दा ठळक लिहा : दिसतो तो उरलेला रंग, शोषलेला नाही. मुलं नेमकी इथेच चुकतात.

प्रश्नकर्ती : आणखी एक. ‘फॉरबिडन’ (नियमात न बसणाऱ्या) संक्रमणाला निषिद्ध लिहिलं तर चालेल? आमचे सर ‘अशक्य’ म्हणायचे.

प्रतिसाद : अशक्य नकोच. एकादशीला भात निषिद्ध, म्हणून घरात कुणीच खात नाही असं थोडंच आहे? पोरं जेवतात, फक्त पातेलं लहान लागतं. निषिद्ध संक्रमणही घडतं, पण क्षीण. मँगनीज दोनच्या (+2 अवस्थेतल्या मँगनीजच्या) क्षारांकडे पाहा. पाच कक्षकांत पाच इलेक्ट्रॉन, सगळ्यांचे स्पिन (इलेक्ट्रॉनची ‘वर’ किंवा ‘खाली’ अशी दिशा) एकाच दिशेला. कुणी वर जायचं तर स्पिन उलटावा लागतो आणि त्याला बंदी. म्हणून द्रावण इतकं फिकट गुलाबी, की पांढरा कागद मागे धरल्याशिवाय कळत नाही.

प्रश्नकर्ती : मग विहिरीत टाकायची लाल पावडर (पोटॅशियम परमँगनेट)? तीही मँगनीजचीच ना? चिमटीभरात बादली जांभळी होते.

प्रतिसाद : तिथे मँगनीज सात आहे, डी कक्षकांत एकही इलेक्ट्रॉन नाही. ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन मँगनीजकडे जातो, त्याला कुणाची बंदी नाही. याला ‘प्रभार स्थानांतर’ म्हणा. ‘बदली’ सुचवणार होतो, पण ती सरकारी नोकरांची.

प्रश्नकर्ती : एक राहिलं. ‘स्पेक्ट्रम’चा ‘वर्णपट’. अतिनीलला वर्ण, म्हणजे रंग, कुठला? तरी अतिनील वर्णपट?

प्रतिसाद : तेल तिळाचं, म्हणून नाव तेल. तरी आपण शेंगदाण्याचं तेल म्हणतोच ना?