मदत हवी आहे: घरचे कॅमेरे वेगळ्या सबनेटवर (नेटवर्कच्या स्वतंत्र भागावर) कसे हलवू?

नमस्कार मंडळी. घरी पाच आयपी कॅमेरे आणि एक एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) आहे. सगळ्यांना १९२.१६८.१ च्या रेंजमधले स्थिर आयपी दिलेत आणि लॅपटॉप, टीव्हीही त्यातच. एक कॅमेरा आईच्या खोलीबाहेर आहे, म्हणून कॅमेऱ्यांना इंटरनेट नकोच. नवीन राउटर व मॅनेज्ड पीओई स्विच (सेटिंग बदलता येणारा, नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) घेतलाय. व्हीलॅन २० (त्याच स्विचवर वेगळं आभासी नेटवर्क) करून १९२.१६८.२० ही रेंज द्यायची आहे.

अडकलोय क्रमात. ओएनव्हीआयएफचा (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे व एनव्हीआर जोडणारं मानक) शोध मल्टिकास्टवर (एकाच वेळी अनेक उपकरणांना जाणाऱ्या संदेशावर) चालतो, तो एरवी सबनेट ओलांडत नाही. त्यामुळे एनव्हीआर कॅमेऱ्यांसोबतच ठेवणार. पण आधी स्विचच्या पोर्टचा व्हीलॅन बदलायचा की कॅमेऱ्याचा आयपी? आयपीबरोबर गेटवेही (सबनेटबाहेर जाण्यासाठीचा राउटरचा पत्ता) बदलावा लागेल, नाहीतर लॅपटॉपला उत्तर परत येणार नाही, हे बरोबर ना?

फायरवॉलमध्ये घरच्या नेटवर्ककडून कॅमेऱ्यांकडे जाऊ द्यायचं, उलट फक्त उत्तरं. आरटीएसपीचा (व्हिडिओ थेट पाहण्याचा प्रोटोकॉल) ५५४ आणि वेबचा पोर्ट पुरेल, की एनव्हीआरच्या अ‍ॅपला आणखी काही लागतं?

आणि वेळेचं काय? इंटरनेट बंद केल्यावर घड्याळ सरकलं तर चोरीच्या वेळी रेकॉर्डिंगचा पुरावा म्हणून उपयोग कमी होतो. राउटरलाच एनटीपी सर्व्हर (उपकरणांची घड्याळं जुळवणारा) केलंय का कुणी? बाहेरगावाहून बघायला वायरगार्ड (व्हीपीएन) वापरेन, पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट आत वाट उघडणं) नको. केलेल्यांनी कृपया क्रम सांगा.