ललिता पवारांचं करिअर 'त्या थपडेनं' घडवलं, हे पुराण आता पुरे!

सिनेमावेडा
ललिता पवारांचा विषय निघाला की दुसऱ्या वाक्याला थप्पड हजर. १९४२ ला 'जंग-ए-आझादी'च्या शूटिंगमध्ये नट भगवानदादांचा हात जोरात बसला, चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा बारीक झाला, मग हिरोईन गेली नि खाष्ट सासू आली. झालं, संपली स्टोरी. अरे पण त्याआधी बाई काय करत होत्या? येवल्याचा जन्म, मूकपटापासून कामं, १९३२ च्या 'कैलाश'मध्ये काम पण आणि निर्मितीत भागीदारी पण, आणि १९३८ ला 'दुनिया क्या है' स्वतः काढला. त्या काळी बाईनं पिक्चर काढणं म्हणजे काय खायचं काम होतं का? डोळा शाबूत असता तरी त्या एवढ्याच मोठ्या झाल्या असत्या.

खवचट_काकू
कशावरून? बोलपट सुरू झाले तेव्हाच्या हिरोइनींची पाच नावं घ्या बरं, न गुगलता. वय झालं की घरी बसवायचे सरळ. ह्यांना दुसरं दार उघडलं म्हणून १९८७ च्या 'रामायणा'त मंथरा करायला सत्तरी ओलांडलेली बाई उभी होती. वाईट वाटतं ऐकायला, पण अपघातानं करिअर लांबलंच.

सिनेमावेडा
काकू, दुर्गा खोटेंना कुणी थप्पड मारली होती हो? त्या झाल्याच की 'मुघल-ए-आझम'मध्ये जोधाबाई. लीला चिटणीस पण आधी हिरोईन, मग पडद्यावर आई झाल्या. वय वाढलं की चरित्र भूमिका, हा रस्ता तसाही होताच.

खवचट_काकू
होताच, पण पदरानं डोळे पुसायचा रस्ता! लीलाबाईंच्या वाट्याला नुसतं खोकणं आणि रडणं आलं. ललिताबाई पडद्यावर आल्या की घरातली माणसं सावरून बसायची. हा दरारा आईच्या रोलमध्ये मिळाला असता का?

पुणेरी_प्रेक्षक
दोघंही डोळ्यावरच अडकलात राव. 'रामशास्त्री' बघा, १९४४ चा, प्रभातचा. आनंदीबाई. अपघाताला जेमतेम दोन वर्षं झालेली. आणि डोळा सगळ्या रोलमध्ये तोच आहे ना? मग १९५५ चं एकच वर्ष घ्या. 'श्री ४२०'मध्ये फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई, आणि 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये पुरुषांचा राग राग करणारी श्रीमंत सीतादेवी. एकीला बघून मायेनं पोट भरतं, दुसरीला बघून आपण उगाच पाय जवळ घेतो. चेहरा तोच, मग बदललं काय? आवाज आणि मान. शिकलेलं काम आहे हे, अपघात नाही.

नुसतीच_वाचक
+१. त्यात 'प्रोफेसर' (१९६२) घाला. म्हाताऱ्याच्या वेषातल्या शम्मी कपूरवर भाळलेली कडक बाई! आधी सगळ्यांना धाकात ठेवणारी, मग त्याच्यासमोर लाजायला लागते. कॉमेडीचं टायमिंग असलं की शम्मीला सोडून बाईंकडेच बघत बसतो आपण. त्याच्या आदल्या वर्षी 'जंगली'त घरात हसायला बंदी करणारी आई पण ह्याच.

खवचट_काकू
अहो पण 'जंगली', 'प्रोफेसर' दोन्हीकडे कडक बाईच ना शेवटी? म्हणजे साच्यातच. फिल्मफेअर मिळालं ते 'अनाडी'च्या मिसेस डिसाला, भाडेकरूवर दिवसभर खेकसणार आणि पोटच्या पोरासारखा जीव लावणार. तसे रोल किती आले मग? इंडस्ट्रीनं सासूच करत ठेवलं, आणि आपण पण. आमच्या आळीत सुनेला जाच करणाऱ्या बाईला नावच पडायचं ललिता पवार. घरोघरी नाव झालं ते हे असं!

सिनेमावेडा
ह्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूनं, काकू. पण मग दोष प्रोड्युसरच्या आळसाला द्या ना, थपडेला श्रेय कशाला? मिसेस डिसा सुद्धा अपघातानंतरच्याच आहेत, त्याच डोळ्याच्या. म्हणजे त्या चेहऱ्यातून माया पण दिसत होती, ज्यांना दाखवायची होती त्यांना.

पुणेरी_प्रेक्षक
हेच म्हणतोय मघापासून. 'अनाडी'चे दिग्दर्शक हृषिकेश मुखर्जींना दिसली. 'आनंद'मध्ये पण दिसली, मेट्रन आठवा, आनंदला दटावणारी.

खवचट_काकू
आठवते. तरी पण सांगा, मंथरा दुसऱ्या कुणी केली असती तर गावोगाव लोकांनी टीव्हीसमोर बसून एवढ्या शिव्या घातल्या असत्या का? अर्धा कैकेयीचा राग पण बाईंनीच खाल्ला.