कतानाचं 'पाणी' : हा शब्द आज चालतो की नाही?

रानजाई
मी टोरांटोत राहते, इआयदो म्हणजे कताना ही जपानी तलवार उपसून चालवण्याची कला शिकते. इथल्या मंडळाच्या अंकासाठी 'स्वस्तातली कताना घेताना काय बघावं' असा लेख दिला होता. माझं वाक्य होतं : 'पातं चकचकीत आहे म्हणजे ते पाणीदार आहेच असं नाही.' अंकात छापून आलं : 'पातं चकचकीत आहे म्हणजे ते चमकदार आहेच असं नाही.' वाक्याला अर्थच उरला नाही. संपादकांचं म्हणणं, पाणीदार मोती असतो, डोळे असतात, फार तर माणूस. लोखंडाशेजारी पाणी आलं की वाचकाला गंज आठवतो. आमचे आजोबा साताऱ्याकडचे. ते कोयत्याबद्दलही 'पाणी चांगलं बसलंय' असंच म्हणायचे.
दोन प्रश्न आहेत. या अर्थानं 'पाणी' आज चालेल का? आणि पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो, जपानीत ज्याला नाकागो म्हणतात, त्याला आपल्याकडे काय शब्द आहे?

घडीव
ताई, तुमचंच वाक्य बरोबर होतं. पाणी देणं म्हणजे पोलाद लाल करून एकदम विझवणं. कतानाच्या बाबतीत तर हा शब्द अक्षरशः लागू पडतो. पात्याला मातीचा लेप देतात, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड, आणि तापवून पाण्यात बुडवतात. धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश निवते म्हणून चिवट राहते. पात्याचा बाकही बराचसा या बुडवण्यातच येतो. कडक आणि चिवट भागांची जी सीमारेषा पात्यावर ढगासारखी दिसते ती हामोन. म्हणजे पाणी कुठवर बसलं ते डोळ्यांना दिसतं. पाणीदार माणूस आणि 'पाणी जोखणं' हे सगळं लोहाराच्या भात्यापासूनच आलं असणार.

कोरडवाहू
शेवटचं पटलं नाही. रत्नाचं पाणी हा अर्थही जुनाच आहे, आणि फारसीत 'आब' म्हणजे पाणीही आणि तेजही. आपण 'आब राखणं' म्हणतो ते त्यातलंच. पाणीदारचा उगम भात्यात शोधायचं कारण नाही.
दुसरं म्हणजे स्वस्तातल्या कताना. यांचा मोठा भाग चीनमधल्या जेजियांग प्रांतातल्या लोंगच्वानहून येतो. तिथल्या कितीतरी तलवारी स्प्रिंगच्या पोलादाच्या असतात आणि तेलात विझवतात, सबंध पातं सारखंच कडक. मग त्याला 'तेल दिलं' म्हणणार का?

घडीव
तेलात विझवलं तरी पाणीच म्हणतात. आमच्या गावच्या लोहाराकडे जळक्या ऑइलचा डबा असायचा, आणि तोंडात शब्द 'पाणी पाजतो'. ग्राइंडरवर धार धरून ठेवली आणि कड निळी पडली की 'पाणी गेलं'. ते बोलणाऱ्यांची मराठी मराठीच आहे. छापायच्या मराठीला ती चालत नसेल तर छापणाऱ्यांनी भात्यापाशी जाऊन बसावं.

रानजाई
तेलाचा मुद्दा माझ्या लेखातही होता. सबंध पातं तेलात कडक केलं तर खरी हामोन उमटतच नाही. गिऱ्हाइकाला ती हवी असते, म्हणून ॲसिडनं किंवा तारेच्या ब्रशनं पात्यावर नागमोडी रेघ काढून देतात. ओळखायची कशी? पातं दिव्याखाली तिरकं धरून हळूहळू फिरवा. खरी हामोन एका कोनात उजळते, दुसऱ्या कोनात जवळजवळ लुप्त होते, तिची कड धुक्यासारखी असते आणि आत बारीक कण चमकतात. काढलेली रेघ कुठूनही बघा, सारखीच पांढुरकी. लाटाही एकीसारखी दुसरी. पॉलिशची पेस्ट घासली की पुसट होते. संपादकांनी 'चमकदार' केलं ते म्हणूनच लागलं मला. चमक विकत लावता येते, पाणी नाही.

आडगाव
हामोनला 'पाणरेघ' म्हणा की! आणि कताना हा शब्द तरी कुठला जपानी? कर्तन, कात्री, कातणं यांचाच भाऊ. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत तिकडे गेलंच होतं.

कोरडवाहू
संस्कृत गेलं हे खरं, पण हा शब्द त्यातला नाही. 'काता' म्हणजे एक बाजू आणि 'ना' हा पात्याचा जुना शब्द, म्हणजे एकधारी, अशी फोड देतात. उच्चार जुळला की नातं जोडायची सवय सोडायला हवी. 'पाणरेघ' मात्र सुंदर आहे.

जुनीपेटी
सगळे 'तलवार' लिहिताय. संस्कृत तरवारि, त्यावरून मराठी तरवार. तरवारबहाद्दर म्हणतो ना आपण? जुन्या कागदांत तरवारच भेटते. 'तलवार' ही हिंदीच्या रेट्यानं रुळली. शब्दांची चर्चा करताना तरी आपला शब्द वापरा.

घडीव
र आणि ल ची अदलाबदल आपल्याकडे जुनीच, त्यासाठी हिंदीला कशाला धरायचं? आज शाळेतलं पोर तलवारच म्हणतं.
नाकागोबद्दल : आमच्याकडे खुरप्याची 'शेपटी' मुठीत ठोकतात. तोच शब्द घ्या.

जुनीपेटी
शाळेतल्या पोराला तुम्ही तरवार शिकवलीत तर ते तेच म्हणेल.

रानजाई
शेपटी चालेल, पण नेमकी तिथेच माझी अडचण आहे. इंग्रजीत उंदराच्या शेपटीवरून नाव दिलेला प्रकार म्हणजेच सगळ्यात वाईट बनावट : पातं मुठीपाशी संपतं आणि पुढे नुसती बारीक सळई वेल्ड केलेली, टोकाला नट. घुमवताना वेल्ड तुटलं तर पातं समोरच्याच्या अंगावर जातं. चांगल्या कतानाचा नाकागो पात्याच्याच पोलादाचा, रुंद, मुठीत खोलवर गेलेला. त्याला भोक असतं, त्यातून मुठीच्या लाकडासकट बांबूची खुंटी आरपार जाते. ती मेकुगी. विकणारा मेकुगी काढून नाकागो दाखवायला तयार नसेल तर मी तिथून उठते. त्याखेरीज म्यान किंचित खाली कलतं करून बघायचं. पात्याच्या बुंध्याला हाबाकी म्हणजे धातूची पट्टी असते, ती म्यानाच्या तोंडात घट्ट बसलेली असली तर पातं आपोआप सरकत नाही. मग मूठ धरून हलवायची. खुळखुळ आली तर ठेवून द्यायची.

भरडधान्य
पोलादाच्या आकड्यांचं कुणी सांगेल का? १०६० चांगलं की १०९५?

कोरडवाहू
शेवटचे दोन आकडे कार्बनचे : ०.६० टक्के आणि ०.९५ टक्के. कार्बन जास्त तर धार जास्त टिकते, पण पाणी देताना चूक झाली तर पातं लवकर तडकतं. स्वस्तात १०६० बरं. नुसतं 'स्टेनलेस' लिहिलेलं असेल तर ते भिंतीवर टांगायला. एवढ्या लांबीत ते आघातानं तुटायची भीती असते. आणि 'हजार घड्या घातलेलं' या जाहिरातीला भुलू नका. दहाच घड्यांत १०२४ थर होतात. जपानात वाळूतल्या लोखंडापासून केलेलं तामाहागाने शुद्ध आणि एकजीव करायला घड्या घालत. आजच्या कारखान्यातल्या पोलादाला त्याची गरज नाही; घडी नीट जुळली नाही तर आत भेग मात्र राहते.

आडगाव
घड्यांची ती नक्षी म्हणजे आपलं जौहर ना?

घडीव
नाही, आणि हा घोळ फार जण करतात. जौहर हे मुशीत वितळवलेल्या उक्कू पोलादातलं. त्याची नक्षी धातू निवताना आतून तयार होते. कतानावरची 'हादा' घड्यांच्या थरांची. एकाच शब्दात दोन्ही कोंबलीत तर दोन कारागिऱ्या पुसल्या जातील.

रानजाई
अजून एक सांगते, संपादकांना दाखवायला हेच उत्तम उदाहरण. जपानात धारेच्या तलवारींना १९५८ च्या कायद्यानं नोंदणी लागते, म्हणून सराव बहुतेक जण इआइतोवर करतात. तिचं पातं जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, धार नसलेलं, ओतलेलं. आरशासारखं चमकतं, त्यावर हामोनसारखी रेघही काढलेली असते, आणि लोहचुंबक मात्र चिकटत नाही. पाणी देण्याचा प्रश्नच नाही. 'चकचकीत पण पाणी नाही' हे वाक्य अशा पात्यासाठी खरं आहे.

जुनीपेटी
परक्या पात्याला आपण नाव देत आलो आहोत. युरोपातून आलेल्या सरळ पात्यांवर इथल्या मुठी चढल्या आणि त्या फिरंगा झाल्या. तेव्हा कुणी मूळ पोर्तुगीज शब्द धरून बसलं नाही. कताना कशाला? 'जपानी तरवार' म्हणा.

कोरडवाहू
फिरंगेला आपली मूठ होती. कतानाला मूठही तिकडचीच, धरायची रीतही तिकडची. नाव त्यांचंच राहू द्या.

भरडधान्य
मूठ आपली असली की नाव आपलं, हा नियम कुणी केला? आमच्याकडे शिकलगार सुरीला धार लावायला यायचा, तो प्रत्येक विदेशी सुरीला 'विलायती' म्हणायचा, मूठ कुठलीही असो.

आडगाव
शिकलगार की सिकलगार?

जुनीपेटी
मूळ अरबी 'सैकल', म्हणजे घासून उजळणं, त्यावरून सिकलगार. 'श' आपल्या तोंडी आला.

घडीव
म्हणजे तिथे तोंडी आलेलं चालतं, आणि तलवार चालत नाही?

जुनीपेटी
शिकलगार मराठीच्या तोंडातून बदलला, तलवार दुसऱ्याच्या तोंडातून आली. तरवार छापलेली जुनी पानं माझ्याकडे आहेत. उद्या इथे टाकते.