जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घ्यावे का? वीस वर्षांचे मराठी टंकलेखन सांभाळायचे आहे

प्रश्न : ओवीसंग्रह

नमस्कार. मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका असून सातारा जिल्ह्यात राहते. माझ्याकडे २०१६ साली घेतलेला लॅपटॉप आहे. त्यात सहाव्या पिढीचा इंटेल आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. त्यावरील विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तो मार्ग बंद आहे. यंत्र मात्र धडधाकट आहे आणि केवळ एवढ्या कारणासाठी ते मोडीत काढणे मला पटत नाही. विंडोजच्या जागी घालता येणारी लिनक्स ही प्रणाली मोफत आहे आणि जुन्या यंत्रावर चांगली चालते, असे ऐकले आहे, परंतु मी ती कधी वापरलेली नाही.

माझे काम मर्यादित आहे. मराठी टंकलेखन, छपाई, बँकेचे व्यवहार आणि परदेशी असलेल्या मुलीशी व्हिडिओवर बोलणे, एवढेच. खरी काळजी वेगळी आहे. २००३ पासून मी आसपासच्या गावांतल्या वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेत आले आहे. त्या सर्व ओव्या युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणारी आजची सर्वमान्य पद्धत) येण्यापूर्वीच्या पद्धतीच्या एका मराठी फॉन्टमध्ये, त्याच्याच फोनेटिक कळफलकाने टंकलेल्या आहेत. ज्यांच्याकडून त्या घेतल्या, त्यांच्यापैकी बहुतेक जणी आज हयात नाहीत. प्रणाली बदलताना यातली एक ओळही गमावण्याची माझी तयारी नाही. नवशिक्या व्यक्तीने सुरुवात कोठून करावी?

उत्तर : कृष्णाकाठ

नमस्कार बाई. आपला लॅपटॉप लिनक्ससाठी पुरेसा आहे. मी आपल्याला लिनक्सच्या मिंट या प्रकाराची सिनॅमन आवृत्ती सुचवीन. तिला किमान २ जीबी रॅम लागते आणि ४ जीबी असल्यास ती सुखाने चालते; आपल्याकडे त्याच्या दुप्पट आहे. मिंटची २२ वी मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रकाराच्या २४.०४ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभी असून तिला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. खाली मेनू, कोपऱ्यात घड्याळ आणि खिडक्या बंद करण्याचे चिन्ह उजवीकडे, अशी तिची मांडणी विंडोज वापरणाऱ्याला परकी वाटत नाही. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, कोणता निवडावा यावर लोक महिनोन् महिने वाद घालतात. पहिल्या वर्षात त्या वादात शिरण्याचे कारण नाही.

माझा आग्रह मात्र असा आहे की, आधी प्रणाली बदलू नका, आधी कार्यक्रम (सॉफ्टवेअर) बदला. आजच्या विंडोजवरच फायरफॉक्स हा ब्राउझर आणि लिबरऑफिस हा लेखनाचा संच बसवा आणि महिनाभर सगळे काम त्यांच्यातच करा. हे दोन्ही कार्यक्रम मिंटमध्ये आधीपासूनच असतात, त्यामुळे पुढे प्रणाली बदलली तरी हाताखालचे काम ओळखीचेच राहील. जे काम या महिन्यात अडेल, ते लिनक्सवरही अडण्याची शक्यता आहे, आणि ते आताच कळलेले बरे. महिनाभर विंडोजवर राहण्यात सुरक्षिततेची चिंता वाटत असेल, तर मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अद्यतनांची सोय ठेवली आहे. तिच्यासाठी नावनोंदणी करावी लागते.

दुसरी गोष्ट हार्ड डिस्कची. ओव्या ज्या डिस्कवर आहेत, तिच्यावर लिनक्स बसवूच नये. एक नवी साटा जोडणीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या, दुरुस्तीच्या दुकानातून जुनी डिस्क काढून तिच्या जागी ती बसवून घ्या आणि लिनक्स त्या कोऱ्या एसएसडीवर घाला. काढलेली डिस्क विंडोजसकट जशीच्या तशी राहील. ती यूएसबीच्या डबीत घालून लिनक्समधून वाचता येते आणि काही बिनसलेच, तर पुन्हा लॅपटॉपमध्ये बसवून पूर्ववत विंडोज सुरू करता येते. एकाच डिस्कचे भाग पाडून दोन्ही प्रणाली ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तथापि नवशिक्याच्या हातून माहिती पुसली जाते ती बहुधा भाग पाडण्याच्या त्याच पायरीवर, म्हणून मी तो देत नाही. शिवाय फिरती डिस्क जाऊन एसएसडी आल्याने वेगात जो फरक पडतो, तो प्रणाली बदलून पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो. डिस्क काढण्यापूर्वी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा उपकरणाचे कूटबंधन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का, ते पाहा. चालू असल्यास ते बंद करा किंवा त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. आणि हे सगळे करण्यापूर्वी ओव्यांच्या धारिकांची (फाइलींची) एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढून ती दुसऱ्या घरी ठेवा.

एसएसडी आणण्याआधी लाइव्ह यूएसबीवरून चाचणी घ्या. मिंटच्या संकेतस्थळावरून आयएसओ धारिका (संपूर्ण प्रणाली असलेली एकच फाइल) उतरवून ती रुफस किंवा बलेना एचर या साधनाने ८ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर लिहावी लागते. नुसती कॉपी करून चालत नाही. त्या पेन ड्राइव्हवर आधी जे काही असेल ते पुसले जाते, एवढे लक्षात ठेवा. लॅपटॉप सुरू करताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप यांपैकी आपल्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून पेन ड्राइव्ह निवडला की डिस्कला हात न लावता मिंट सुरू होते. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते की नाही, हे सर्व त्यात तपासा. पेन ड्राइव्हवरून ते संथ चालते, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

उत्तर : दौतटाक

कृष्णाकाठ यांचे म्हणणे योग्य आहे, परंतु बाईंचा मूळ प्रश्न लिनक्सचा नाही, फॉन्टचा आहे. मी अनेक वर्षे मराठी अक्षरजुळणीचे काम केले आहे आणि या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने लोकांचे अख्खे ग्रंथ अडकून पडलेले मी पाहिले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आपण ‘क’ टंकतो तेव्हा धारिकेत ‘क’ साठवला जात नाही. साठवले जाते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्या जागी ‘क’चे चित्र दाखवतो. फॉन्ट गेला की मागे राहतो तो निरर्थक चिन्हांचा ढीग. तोच फॉन्ट लिनक्सवर बसवला, तर धारिका पुष्कळदा वाचता येते, पण तिच्यात नवीन मजकूर टंकता येत नाही, कारण कळफलक चालवणारा जुना कार्यक्रम विंडोजचा असतो. म्हणून रूपांतर विंडोज हाताशी असतानाच करावे, त्याच यंत्रावर, मूळ मजकूर शेजारी उघडा ठेवून.

त्या-त्या फॉन्टसाठीची युनिकोड रूपांतरके उपलब्ध असतात. आधी एकच धारिका रूपांतरित करा, आणि तीही प्रतीवर. मूळ धारिकेला हात लावू नका. चुका कोठे होतात, हे ठरलेले असते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते, त्यामुळे जोडाक्षराला वेलांटी असली की ती भलत्या अक्षरावर जाऊन बसते. रफाराचे दुखणे याच्या उलट असते. जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर येतो आणि युनिकोडमध्ये आधी, म्हणून ‘सूर्य’ आणि ‘धर्म’ यांसारखे शब्द मुद्दाम तपासावेत. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा ऱ पुष्कळ रूपांतरकांना ओळखता येत नाही. त्यांच्या हातून ‘दर्या’ होते आणि डोंगरातली दरी समुद्र होऊन बसते. ओवीच्या बोलीत असे शब्द पावलोपावली येतात, म्हणून आपल्या संग्रहाचे वाचन यंत्रावर सोपवू नये. मी आपल्या जागी असतो, तर रोज पन्नास ओव्यांपेक्षा जास्त तपासल्या नसत्या.

टंकलेखनाविषयी सांगायचे, तर मिंटमध्ये आयबस आणि एम१७एन या टंकलेखनाच्या साधनांच्या साहाय्याने मराठीचे फोनेटिक (उच्चारानुसार रोमन कळांचे) आणि इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण मांडणीचे) असे दोन्ही कळफलक मिळतात. आपल्या जुन्या फोनेटिकशी नवे फोनेटिक तंतोतंत जुळणार नाही आणि ती जवळजवळ सारखी असणारी मांडणीच बोटांना अधिक गोंधळात टाकते. त्यापेक्षा इन्स्क्रिप्ट शिका. ती मांडणी विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर मिळते, त्यामुळे पुन्हा यंत्र बदलले तरी हात बदलावा लागत नाही. तिच्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजने आहेत. ‘ळ’ शिफ्टसह एन वर आहे, आणि ‘ऱ्य’ साठी शिफ्टसह जे, मग डी, मग य एवढेच दाबायचे असते. महिनाभरात वेग येतो.

पुढेमागे आपण संग्रहाचे पुस्तक करणार असाल, तर पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस आहे, पण त्याची १.६ किंवा त्यानंतरचीच आवृत्ती घ्या, १.४ मध्ये देवनागरी जोडाक्षरे तुटतात.

उत्तर : हिशेबवही

माझी एकच सूचना आहे. आपण किंवा घरातले कोणी या लॅपटॉपवर टॅली हा हिशेबाचा कार्यक्रम चालवत असल्यास किंवा डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन वापरत असल्यास विंडोज पूर्णपणे सोडू नये. टॅली लिनक्ससाठी निघत नाही आणि टोकनचा ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळाला, तरी स्वाक्षरी करण्याचा शासकीय संकेतस्थळांवरचा कार्यक्रम अनेकदा विंडोज गृहीत धरूनच केलेला असतो. साध्या बँक व्यवहारांना मात्र ब्राउझर पुरतो. प्रिंटरचे म्हणाल, तर एचपीचे बहुसंख्य प्रिंटर एचपीलिप या संचामुळे सहज चालतात. इतर कंपन्यांचा असल्यास लाइव्ह यूएसबीवर छापून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

ओवीसंग्रह

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. टॅली किंवा टोकन आमच्याकडे नाही. काल लाइव्ह यूएसबीवरून मिंट सुरू झाले. आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर व्यवस्थित चालले. मात्र दोन अडचणी आल्या. वाय-फायची नावे दिसतच नाहीत, आणि विंडोजची डिस्क उघडते, पण तिच्यात काही जतन करू पाहिले, तर ती केवळ वाचनासाठी असल्याचा संदेश येतो. डिस्क बिघडली आहे का? त्या विचाराने रात्री झोप लागली नाही.

उत्तर : कृष्णाकाठ

बाई, डिस्क बिघडलेली नाही. विंडोज १० मधील ‘फास्ट स्टार्टअप’मुळे यंत्र बंद केल्यावरही ते पूर्णपणे बंद होत नाही, प्रणालीची अवस्था डिस्कवर गोठवून ठेवलेली असते. अशा डिस्कवर लिहिल्यास तिच्यातली माहिती विस्कटू शकते, हे ओळखून लिनक्स ती केवळ वाचनासाठी उघडते. आपल्या ओव्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर पर्यायांत जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा आणि मग यंत्र बंद करा.

वाय-फायसाठी मोबाइल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंट ते जोडणीचे साधन म्हणून लगेच ओळखते. मग मेनूतील ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा. तो वाय-फायच्या चिपसाठी ड्रायव्हर सुचवतो का, ते पाहा. सुचवला, तर प्रश्न मिटला. काहीच सुचवले नाही, तर लिनक्सवर चालणारे छोटे यूएसबी वाय-फाय उपकरण घेता येते, पण ते विकत घेण्यापूर्वी त्यातील चिपचे नाव येथे कळवा, म्हणजे ते चालेल की नाही हे आधीच सांगता येईल.

प्रत्यक्ष मिंट बसवताना असा ड्रायव्हर घालायचा असेल आणि सिक्युअर बूट (यंत्र सुरू होताना अनोळखी ड्रायव्हर अडवणारी सुरक्षा-सोय) चालू असेल, तर मिंट एक संकेतशब्द मागेल. तो लिहून ठेवा. पहिल्यांदा यंत्र पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो. तेथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच संकेतशब्द द्यायचा असतो. त्या पडद्याला बिघाड समजून पुष्कळ जण यंत्र बंद करतात आणि मग वाय-फाय चालत नाही म्हणून हताश होतात. मिंट बसल्यावर सर्वांत आधी टाइमशिफ्ट हे प्रणालीच्या प्रती ठेवणारे साधन चालू करा; एखाद्या अद्यतनाने प्रणाली बिघडली, तर ती आदल्या दिवसाच्या स्थितीवर आणता येते. टाइमशिफ्ट आपल्या धारिका मात्र सांभाळत नाही, त्यामुळे ओव्यांची पेन ड्राइव्हवरची प्रत वेगळीच ठेवावी लागेल.

ओवीसंग्रह

टेदरिंग केल्यावर ड्रायव्हर सापडला आणि वाय-फाय सुरू झाले. एसएसडी सध्या आणत नाही. आधी दौतटाक यांनी सांगितल्याप्रमाणे रूपांतर पूर्ण करीन. पहिल्या धारिकेत त्यांनी म्हटलेली ‘दऱ्या’ची चूक चार ठिकाणी सापडली. शिवाय ‘ळ’च्या जागी दोनदा रिकामा चौकोन आला आहे. तो रूपांतरकाचा दोष आहे की मूळ धारिकेतच आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर : दौतटाक

मूळ धारिका जुन्या फॉन्टमध्ये उघडून त्याच दोन जागा पाहा. तेथे ‘ळ’ नीट दिसत असेल, तर रूपांतरकाच्या तक्त्यात त्या चिन्हाची नोंद नाही, असे समजावे. एका अक्षरासाठी दोन वेगवेगळी चिन्हे जुन्या फॉन्टमध्ये असत आणि रूपांतरक करणाऱ्याला त्यांतले एकच ठाऊक असते. तो रिकामा चौकोन निवडून कॉपी करा आणि लिबरऑफिसच्या ‘शोधा व बदला’मध्ये चिकटवून त्या जागी ‘ळ’ भरा. मात्र ‘सर्व बदला’ दाबू नका, प्रत्येक जागा पाहून बदला. दुसरे एखादे न ओळखलेले चिन्हही तसाच चौकोन होऊन बसलेले असू शकते.