४२९४९६७२९७ मूळ आहे की नाही?

प्रश्न: न = २^३२ + १, म्हणजे ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. २^(न−१) ला न ने भागलं की बाकी १ येते. मग ही मूळ संख्या धरायची का?

प्रतिसाद १: नाही. गणितज्ञ फर्मालाही ती मूळ वाटली होती. ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ × ६७००४१७ असे अवयव दाखवले. कागदावर पडताळा सोपा आहे. ६४१ = ५×२^७ + १, म्हणून ६४१ ने भागलं की ५×२^७ ची बाकी −१. चौथा घात घ्या: ५^४×२^२८ ची बाकी १. पण ६४१ = ५^४ + २^४ सुद्धा, म्हणून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा. −२^३२ ची बाकी १ आली, म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो. झालं काम!

प्रतिसाद २: पाया २ घेतलात (म्हणजे २ चा घात), तिथेच फसलात. २^६४ ची बाकी १ असते आणि न−१ ला ६४ ने भाग जातो, त्यामुळे ही चाचणी उत्तीर्ण होणारच. पाया ३ घ्या (पेपिनची कसोटी): ३ चा ३१ वेळा वर्ग करा, दरवेळी बाकी घ्या. शेवटी न−१ आली तरच मूळ. इथे येत नाही. प्रोग्रॅममध्ये मात्र सांभाळा: ३२ बिटांत न मावत नाही, त्याचा १ होतो, आणि ६४ बिटांतही (न−१)^२ = २^६४ मावत नाही, तेही एकाने!

प्रतिसाद १: राहिला दुसरा अवयव ६७००४१७, तो मूळ आहे का? न चा मूळ अवयव १२८क+१ (क पूर्ण संख्या) याच साच्यातला हवा, आणि ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या आसपास, तिथपर्यंतच तपासायचं. २५७ आधीच बाद, कारण त्याने न ला भागलं की बाकी २ उरते. उरले ६४१, ७६९, ११५३, १४०९. त्यांनी ६७००४१७ ला भागल्यावर बाक्या ४४, १२०, ३३४, ६२२. म्हणजे तो मूळच.